कंपाउंडच्या कडेला उंच गवताचा आडोसा करायचाय, आपल्याकडे कोणतं गवत टिकेल?

ओसरी (१४ मार्च)
नमस्कार मंडळी. आम्ही लातूरच्या बाहेर एका नव्या प्लॉटिंगमध्ये राहतो. घर बांधलं तेव्हा पश्चिमेला हरभऱ्याचं रान होतं. आता तिथे शेजारी आलेत. माणसं चांगली आहेत, पण त्यांचा बाहेरचा जिना नेमका आमच्या अंगणावर आला. येता-जाता नजर पडतेच, त्याला ते तरी काय करणार?

पण माझ्या सासूबाई अंगणात बसायच्या बंद झाल्या. वय ७४. थंडीत न्हाऊन केस मोकळे सोडून उन्हात बसायचं ही त्यांची जन्माची सवय. मला म्हणाल्या, "इथं बसलं की अंगावर डोळे आल्यागत वाटतंय गं." यंदा कुरडयासुद्धा आत पंख्याखाली घातल्या. त्या नीट वाळल्या नाहीत, आंबूस वास येतोय. मला ते फार लागलं.

भिंत साडेतीन फुटांची, लांबी ४० फूट. वर चढवायची तर काळ्या मातीमुळे आधीच तडा गेलाय, गवंडी नको म्हणतो. हिरवी नेट लावली होती, ती एका वादळात फाटली. मोबाइलवर पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच शोभेच्या गवताचे फोटो पाहिले आणि मनात बसलं. भिंतीलगत दोन फुटांची पट्टी मोकळी आहे. बोअर मार्चअखेर आटतो, मग टँकर. अशा ठिकाणी कोणतं गवत लावावं? कुणी लावलंय का?

गोदाकाठ (१४ मार्च)
ते पांढऱ्या तुऱ्यांचं पॅम्पास असणार. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. मी नांदेडला ऑनलाइन बी मागवून लावलं होतं. उगवलं ते साधं तण, दोन महिने प्रेमानं पाणी घातल्यावर कळलं. पण खरं पॅम्पास मिळालं तरी लावू नका, ताई. त्याच्या पात्याची कड करवतीसारखी असते, हात कापतो. आणि तुऱ्यातलं बी वाऱ्यानं लांब जातं. कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये बागेतून सुटून ते रानोमाळ पसरलंय. आपल्या माळावर ते यायला नको.

रानवारा (१४ मार्च)
फाउंटन ग्रासचंही तेच. जांभळट तुरे दिसतात गोड, पण हवाई बेटांवर त्यानं मोकळी रानं व्यापली आणि वणव्यांना सरपण दिलं. शिवाय ते जेमतेम तीन फूट होतं, आडोसा कसला होणार?

तुराटी (१५ मार्च)
आडोसा हा शब्द वाचला अन् माझं लहानपण डोळ्यापुढं आलं. आमच्या गावाकडं न्हाणीला तुराट्यांचा कूड असायचा. तूर झोडपून झाली की आज्जी सरळ सरळ तुराट्या निवडून बाजूला ठेवायची, त्या सरपणात जाऊ द्यायची नाही. बुडाकडून जाड बाजू खाली, मधून दोन आडव्या काठ्या, अंबाडीच्या सुतळीनं आवळायच्या. वर शेणमाती लिंपली तर भिंत, नाही लिंपली तर वारा खेळता आडोसा. घरातल्या बायकांच्या अंघोळी त्याच्याआड झाल्या, एकीलाही कधी उघड्यावर बसल्यासारखं वाटलं नाही.

ताई, गवत वाढायला वर्ष-दोन वर्षं जातील. तवर आत्याबाईंनी काय आतच बसायचं का? या आठवड्यात तुराट्यांचा एक तट्टा उभा करा. आत्ता रानात तुराट्या पडूनच असत्यात.

ओसरी (१५ मार्च)
तुराटीताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या उठून बसल्या आणि कूड कसा बांधायचा ते मलाच सांगायला लागल्या.

ठोंब (१५ मार्च)
मी रोपवाटिकेत काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वाळा लावा. आपला कूलरचा, पिण्याच्या पाण्यात टाकायचा वाळा. कुणी त्याला शोभेचं गवत म्हणत नाही, पण पावसाळ्यानंतर त्याचा दाट हिरवा झुपका पाहिला तर तुम्हाला फोटोतलं गवत आठवणार नाही. पाती पाच-साडेपाच फूट जातात, वर येणारे दांडे त्याहून उंच. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, मोकळ्या मातीत तीन मीटरपर्यंत. म्हणून फरशी उचलत नाही, भिंतीखाली घुसत नाही. एकदा धरला की मे महिना काढतो. वरून पिवळा पडेल, पण बुडखा जिवंत राहतो.

घेताना एकच विचारा: ठोंबाचा आहे की बियाचा? उत्तरेकडच्या रानटी वाळ्याला बी धरतं. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा रुजणारं बी धरत नाही, ठोंब फोडूनच वाढतो. तो घ्या, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही.

लावायचा मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर. आत्ता उन्हात लावून टँकरचं पाणी घालू नका. पाती वीतभर ठेवून कापायची, मुळं चार बोटं ठेवायची, फुटाफुटावर दोन ओळी, पण समोरासमोर नाही, आड एक. पहिले दोन महिने पाणी तुटू द्यायचं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खरा आडोसा होतो.

एक अडचण आहे. वाळ्याला ऊन लागतं. सावलीत तो विरळ राहतो. तुमच्या पट्टीला किती तास ऊन मिळतं?

ओसरी (१५ मार्च)
सकाळी आमच्याच घराची सावली असते, दुपारी तीननंतर त्यांच्या घराची. मधले चार-पाच तास मिळतं.

ठोंब (१५ मार्च)
मग जगेल, पण दाट होणार नाही.

जात्याकडे (१५ मार्च)
वाळा लावलात तर मुळ्या आमच्या कूलरसाठी राखून ठेवा! आमच्याकडे परभणीत अजून दाराला वाळ्याचा पडदा लावतात. दुपारी पाणी शिंपडलं की आत येणारी झुळूक आणि तो वास, त्याची सर एसीला येत नाही.

ठोंब (१५ मार्च)
मुळ्या काढायच्या तर अख्खं ठोंब खणून उपटावं लागतं. आडोसा हवा असेल तर मुळ्यांना हात लावायचा नाही. हवंतर दोन ठोंबं लांब वेगळी लावा, ती दीड वर्षानं खणा.

कयाधू (१६ मार्च)
हिंगोली. मी नेपियर, म्हणजे हत्ती गवत, घराच्या कडेनं लावलंय. दोन म्हशी आहेत. फुले जयवंत जातीची कांडी लावली, तीन महिन्यांत डोक्याच्या वर गेलं. आडोसा लवकर हवा तर याच्यासारखं दुसरं नाही. अर्धं कापायचं, अर्धं उभं ठेवायचं, म्हणजे आडोसाही राहतो अन् वैरणही मिळते.

पण खरं ते सांगतो. पाणी तुटलं की वाढ थांबते. खतही भरपूर खातं. पावसात वारं आलं की लोळतं. पानाला कूस असते, अंगाला खाज सुटते. जनावरं नसतील तर कापलेलं टाकायचं कुठं? ताईंच्या घरी जनावरं नसावीत असं वाटतं.

ओसरी (१६ मार्च)
नाहीत, दादा.

कयाधू (१६ मार्च)
मग नेपियर नको.

मांजरा_काठ (१६ मार्च)
मला थोडं कडू बोलायचंय, राग मानू नका. मीही लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभा होतो. ज्या गावानं ते पाहिलं, त्या गावात शोभेच्या गवताला पाणी घालायचं हे माझ्या मनाला पटत नाही. पत्रा लावा, तुराट्या लावा, ज्याला पाणी लागत नाही असं काहीही लावा.

ओसरी (१६ मार्च)
राग नाही दादा. त्या वर्षी माझ्या मुलीला मी माहेरी पाठवलं होतं, पाण्यामुळेच. म्हणूनच इथे विचारलं, सरळ नर्सरीत गेले नाही. टँकरचं पाणी गवताला घालणार नाही, हे पक्कं. आमच्या पाच माणसांच्या घरात भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी रोज गटारात जातं, ते वळवता येईल का एवढंच बघतेय. पत्रा पश्चिमेला लावला तर दुपारी त्याच्याजवळ बसवत नाही, भाजून निघतो.

पाझर (१६ मार्च)
वळवता येईल. भांड्यांचं पाणी आधी एका बादलीत जाळीतून गाळा, खरकटं अडलं पाहिजे, नाहीतर उंदीर येतात. कपड्यांच्या पावडरीचं पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नका. त्यातल्या सोड्यानं काळी माती चोपण होते, वर पांढरी खपली धरते, पाणी मुरत नाही. वाळा तसा खारं सहन करतो, पण मातीचं वाटोळं कशाला करायचं? आणि पाणी साचू द्यायचं नाही, डास होतात. थोडं थोडं, मातीत मुरेल एवढंच.

साप_सोडा (१७ मार्च)
कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. दाट गवत म्हणजे उंदीर, अन् उंदीर म्हणजे साप. मी पंधरा वर्षं साप पकडून सोडतोय. आपल्याकडे घोणस अशाच झुपक्यात सापडते. गवत लावू नका म्हणत नाही. बुडखा हातभर उंचीपर्यंत मोकळा ठेवा, वाळकी पाती ओढून काढा, पण हातानं नाही, दाताळ्यानं. झुपक्याला लागून विटा, फरशीचे तुकडे, सरपण रचू नका. आणि म्हाताऱ्या माणसाची खुर्ची झुपक्याला चिकटून नको, मध्ये दीड-दोन फूट झाडलेली जागा हवी.

सोयाबीनवाला (१७ मार्च)
त्यात शंखी गोगलगाय जोडा. २०२२ ला आमच्या रेणापूर भागात सोयाबीनची उगवण खाऊन टाकली तिनं, दुबार पेरणी करावी लागली. दिवसा ती बांधावरच्या गवताच्या बुडात लपते. पावसाळ्यात संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवा.

हिरवं_कुंपण (१७ मार्च)
एवढं कशाला? कोनोकार्पस लावा की. सहा महिन्यांत भिंत होते, पाणी लागत नाही, कॉलन्यांत सगळीकडे तेच आहे.

पाझर (१७ मार्च)
कृपा करून ते नाव घेऊ नका. मुळं ओलावा शोधत पाइपात आणि टाकीत घुसतात, फुलोऱ्याचा काहींना त्रास होतो. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याची लागवड बंद केली. झाडवर्गीय कुंपणच हवं असेल तर कोयनेल किंवा मेंदी लावा, कोयनेलला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

हिरवं_कुंपण (१७ मार्च)
गुजरातचं माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत नगरसेवकापासून सगळ्यांनी लावलंय. बघतो.

वेळू (१८ मार्च)
बांबू हेही गवतच, कुळ तेच. औसा तालुक्यात लोदग्याला जाऊन बघा, आपल्या भागात बांबू कसा येतो ते कळेल. मात्र दोन फुटांच्या पट्टीत मानवेल बांबू लावू नका. बेट फुगत जातं, विजेच्या तारांना लागतं. भिंतीपासून पाच फूट जागा असेल तरच.

ओळंबा (१८ मार्च)
मी बांधकामात आहे. सगळं वाचलं. गवत कोणतं यावर चार दिवस चर्चा झाली, पण ते कुठे लावायचं हे कुणी विचारलं नाही. मला वाटतं भिंतीलगत लावून ताईंचं काम होणार नाही.

हिशोब बघा. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १५ फुटांवर असतो. जिना गवतापासून ८ फूट लांब धरू. गवत साडेसहा फूट झालं. वरून येणारी नजर गवताच्या शेंड्याला घासून तिरपी खाली उतरते, फुटामागे फूटभर. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं साडेतीन फुटांवर. म्हणजे गवताच्या अलीकडे जेमतेम तीन फुटांचा पट्टा झाकला जाईल. बाकी सगळं अंगण उघडंच. ४० फूट गवत लावून, दोन वर्षं थांबून आजी पुन्हा आतच बसतील.

म्हणून अख्ख्या भिंतीला लावू नका. आजी कुठे बसतात ते विचारा आणि तिथे, जिन्याच्या बाजूनं, खुर्चीपासून दोन-अडीच फुटांवर अर्धगोल लावा. १२ फूट पुरेल. त्या जागी ऊनही जास्त असेल, ठोंब यांची अडचणही सुटेल. आणि लावायच्या आधी करून बघा: चार बांबू रोवा, साडेसहा फुटांवर जुनं लुगडं बांधा, आजींना बसवा आणि तुम्ही शेजाऱ्यांच्या जिन्यावर जाऊन बघा.

ठोंब (१८ मार्च)
ओळंबा, मी एवढी वर्षं कुंपणाच्या ओळी लावून देतोय, असा विचार केला नाही. बरोबर आहे. १२ फुटांना दोन ओळींत २५ ठोंबं लागतील. दोन बादल्या भांड्यांचं पाणी, ३० लिटर, एकेका ठोंबाला लिटरभर. मे महिन्यात तेवढ्यावर निभतं.

मांजरा_काठ (१८ मार्च)
हे असं असेल तर माझा विरोध नाही.

ओसरी (२३ मार्च)
रविवारी करून पाहिलं. सासूबाईंची जुनी इरकल बांबूंना बांधली. आधी भिंतीलगत. मग शेजारच्या ताईंना सांगून त्यांच्या जिन्यावर गेले. वरच्या पायरीवरून सासूबाई डोक्यापासून पायापर्यंत दिसत होत्या. मग बांबू उपटून खुर्चीच्या अलीकडे अडीच फुटांवर रोवले. खालच्या पायरीवरून नाही, मधल्या पायरीवरून नाही, सगळ्यात वर गेले तेव्हा फक्त खुर्चीचे पुढचे पाय आणि त्यांच्या चपला दिसल्या.

शेजारच्या ताई माझ्याबरोबर उभ्या होत्या. त्यांना तोवर माहीतच नव्हतं. म्हणाल्या, "अगंबाई, आमच्यामुळं काकू आत बसायल्यात का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिन्याच्या कठड्याला आतून कापड लावते म्हणाल्या. मी हे आधीच बोलायला हवं होतं, भिंतीचा आणि गवताचा विचार करत चार महिने घालवले.

तुराट्यांचा तट्टा त्याच जागी उभा राहिलाय, सासूबाईंनी स्वतः सुतळी आवळली. माझी गाठ त्यांनी सोडून परत मारली.

तुराटी (२३ मार्च)
हे वाचून बरं वाटलं बघा. तट्ट्याला पावसाळ्यात बुडाला वाळवी लागंल. खाली विटा ठेवून त्याच्यावर टेकवा.

ओसरी (९ जुलै)
मृगानं दगा दिला, आर्द्रात बरा पाऊस झाला. काल २६ ठोंबं लावली, तट्ट्याच्या आतल्या बाजूनं. शेजारच्या ताईंचा मुलगा खड्डे खणायला आला होता.

ठोंब (९ जुलै)
तट्ट्याची सावली ठोंबांवर पडतेय का ते बघा. पडत असेल तर तट्टा हातभर मागे घ्या.

दुधना (२ नोव्हेंबर)
काय झालं ताई पुढे? जालन्यात आमचीही हीच अडचण आहे.

ओसरी (५ नोव्हेंबर)
२६ पैकी चार गेली, पाणी साचलं तिथली. बाकी माझ्या छातीला लागतात. ऑगस्टमध्ये गोगलगायी आल्या होत्या, गोणपाटाखाली एका सकाळी ४० मोजल्या. दिवाळीला मुलांना फटाके त्या बाजूला लावू दिले नाहीत. वाळकी पाती पटकन पेट घेतात, हे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहिते.

ओसरी (११ मे)
धागा वर काढतेय. बोअर यंदा एप्रिलमध्ये आटला. वाळा शेंड्याकडून पिवळा झालाय, बुडाशी हिरवा आहे. फाल्गुनात अर्धी ओळ फूटभर ठेवून कापली, कापलेली पाती बुडाशीच अंथरली, अर्धी तशीच उभी ठेवली. रोज दोन बादल्या, एक थेंब टँकरचा नाही. उंची साडेपाच फूट, अजून पूर्ण झाकत नाही, म्हणून तट्टा काढलेला नाही. वारा सुटला की पात्यांची सळसळ होते, सासूबाई म्हणतात ज्वारीच्या रानात बसल्यागत वाटतंय.

कुरडया यंदा अंगणात घातल्या. ऊन सरकलं की खाट सरकते, त्या मात्र त्यांच्या जागेवर.

दुधना (११ मे)
ताई, ठोंबं फोडून देता येतील का? आमची जागा सावलीतली आहे, दोन-तीन तासच ऊन.

ठोंब (११ मे)
सावलीत वाळा नको. दोन-तीन तासांवर गवती चहाही विरळच राहील. तिथे तुराटीताईंचा तट्टाच बरा.

ओसरी (१२ मे)
ऊन असलेली जागा शोधलीत तर आर्द्रा लागल्यावर या, दहा ठोंबं देते. ओलं पोतं घेऊन या, मुळं सुकायला नकोत. आणि येण्याआधी घरात विचारून या, बसायची जागा नक्की कोणती.